झोपेच्या तासाला निघालेली बस

सांगते ते सगळं खरं आहे. पटलं तर ठीक. नाही पटलं तर सोडून द्या, पण माझ्याशी वाद घालू नका. ती ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना रात्र लागते. अंधार लागतो. कुठे तरी कुत्रं रडायला लागतं.

माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही.

बुधवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन पडलेलं. मी एका अनाथाश्रमाच्या मागच्या खोलीत उभी होते आणि तिथे कपडे धुवायच्या साबणाचा वास येत होता.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझं पार्लर आहे, तीन खुर्च्यांचं. वीस वर्षं लोकांचे केस कापतेय. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण डोकं पाठीमागून दिसलं की माणूस बरोबर ओळखते. नवरा म्हणतो, "तुला ओळख द्यायची असेल तर तुझ्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं." म्हणू दे. माझं चुकत नाही.

आणि ताई. माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं सगळं तिनेच केलं. आमच्या चर्चची ती सेक्रेटरी आहे. दरवर्षी चर्चमधून आठ-दहा जण मिशनसाठी त्या अनाथाश्रमात जातात. तीन दिवस. कुणी गाणी शिकवतं, कुणी दात तपासतं, कुणी येशूच्या गोष्टी सांगतं. हे सगळं ताई जमवते. तिच्या शब्दाबाहेर पास्टरसुद्धा जात नाहीत.

गेल्या वर्षी तिने मलाही ओढून नेलं. "तुझी कात्री जरा देवाच्या कामी लाव," म्हणाली.

ताईकडे एक निळी फाईल असते. त्यात सगळ्यांसाठी नियम लिहिलेले. सातवा नियम असा, की निघताना मुलांचा निरोप घ्यायचा नाही. मुलं रोज दोन ते तीन झोपतात. बस त्याच तासात काढायची. मुलं उठतील तेव्हा आपण गेलेलो असू. रडारड नाही, गळ्यात पडणं नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, "आत्ता येतो हं, तू झोप."

गेल्या वर्षी मला हा नियम शहाणपणाचा वाटला होता. तेही कबूल करते.

मग भिंगरी भेटली.

तिचं खरं नाव वेगळं. सहा वर्षांची पोर, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे. डोक्यावर दोन भोवरे, केस कुठल्याच बाजूला बसायला तयार नाहीत. मी डाव्या कानामागे कात्री लावली आणि ही बया खुर्चीत गर्रकन वळली. झालं! तिथे केसांत बोटभर पायरी पडली. वीस वर्षांत माझ्या हातून असा कट गेला नव्हता. मी कपाळावर हात मारला आणि ती खो-खो हसत सुटली.

तिथून पुढे तीन दिवस ती माझ्या ओढणीला धरून होती.

शेवटच्या दुपारी ती झोपेना.

"मी झोपले की तू जाशील."

"नाही गं जाणार. तू झोप. मी इथेच आहे."

माझं बोट मुठीत धरून ती झोपली. मी मूठ हळूच सोडवली. चपला हातात घेऊन जिना उतरले. बस सुरूच होती...

घरी आल्यावर मी नवऱ्याला तिच्याबद्दल सांगत सुटले. आम्हाला मूल नाही. डॉक्टर झाले, उपास-प्रार्थना झाल्या, रडून झालं. महिन्याभरात भिंगरीचं पत्र आलं, ताईच्या हातून. तीन ओळी आणि एक चित्र. मग दर महिन्याला यायला लागलं. नवराच ती पत्रं मोठ्याने वाचायचा. एकदा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "आणूया का हिला घरी?"

आठ महिने लागले. घराची पाहणी, आमच्या तपासण्या, चकरा. शेवटी आम्ही मूल सांभाळायला योग्य आहोत असा दाखला हातात पडला. मुलाचं नाव तेवढं आश्रमात जाऊन भरायचं होतं. आमच्या ओळखीची म्हणून त्या कागदांवर ताईने सही केली होती. आम्ही खोली रंगवली तेव्हा ब्रश हातात घेऊन तीही भिंतीसमोर उभी होती.

हे लक्षात ठेवा. भिंतीसमोर उभी होती.

यंदा सोमवारी मी चर्चच्या मंडळींबरोबर पोचले, नवरा घरीच थांबला होता. बसचा आवाज ऐकून मुलं धावत आली. मी प्रत्येक डोकं बघत होते.

दोन भोवरे कुठेच नव्हते.

मेट्रनला विचारलं. ही तिथली मुख्य बाई, उंच, शांत, बोलताना नेहमी डोळ्यांत बघणारी. त्या दिवशी तिने डोळ्यांत बघितलं नाही. तिने ताईकडे बघितलं.

ताईच बोलली. "अगं, तिला शाळेसाठी दुसऱ्या गावच्या वसतिगृहात ठेवलंय. बुधवारी दुपारी आणताहेत. आधी चहा घे."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सरप्राइज द्यायचं होतं."

बुधवार म्हणजे आमचा निघायचा दिवस. मनात म्हटलं, बरंच झालं. आली की हात धरायचा आणि बसमध्ये बसवायचं.

सोमवार-मंगळवार मी बावीस मुलांचे केस कापले. मुलं बदलली होती. गेल्या वर्षी नुसता गोंगाट असायचा, यंदा गप्प बसायची. मी भिंगरीचं नाव काढलं की मान खाली.

आणि दुपारी...

दोन वाजले की वरच्या लांब खोलीत सगळी ओळीने गाद्यांवर आडवी व्हायची. मंगळवारी मी सहज डोकावले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण गच्च. पांघरुणाखाली पायांची बोटं हलत होती. मूल झोपलं की श्वास कसा जड होतो, तुम्हाला माहीत आहे. तिथे तसा एकही श्वास नव्हता.

बावीसच्या बावीस मुलं जागी होती.

मी दार ओढून घेतलं. जिना उतरताना मागे पावलं वाजली. चट... चट... चट... चपला मोठ्या मापाच्या असल्या की वाजतात तशी. मुलांपैकी कुणी असेल म्हणून मी वळले. जिना रिकामा होता.

"जुनं लाकूड आहे, वाजतं," मेट्रन म्हणाली.

जिना सिमेंटचा होता.

बुधवार उजाडला. मी सकाळपासून फाटकाकडे दहा चकरा मारल्या. ताई म्हणत राहिली, "येतील गं, येतील." दोन वाजता मुलं वर गेली. बस अडीचला निघणार होती. मी मागच्या खोलीत माझं सामान आवरत होते. कंगवे पुसले. कात्रीला तेल दिलं. केस कापताना गळ्याभोवती बांधतो ते कापड झटकायला दाराबाहेर गेले.

परत आले तर खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

माझ्याकडे पाठ. पाय खुर्चीवरून लोंबत असलेले.

दोन भोवरे.

मला हुंदकाच फुटला. तिला उचलून घ्यावंसं वाटत होतं, पण मी घाबरवून टाकेन म्हणून जवळ जाऊन नुसतं कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं. मला दुसरं काय येतं?

"कधी आलीस गं?"

"मी गेलेच नव्हते."

आवाज तोच, थोडा बसलेला. सर्दी झाली असेल, मला वाटलं.

"मी तुला न्यायला आलेय. आपल्या घरी. कायमची."

एका जागी बसेल तर शपथ असली ही पोर दगडासारखी स्थिर बसली होती. मी कंगवा घेतला. केस गार लागले... उन्हाळ्याच्या दुपारी, ओले नसताना, गार.

"झोपायला सांगणार नाहीस ना?" तिने विचारलं.

"नाही. मुळीच नाही."

"मला तर आता झोप येतच नाही."

मी कंगवा फिरवत होते. मागून पुढे, उजवीकडून डावीकडे. डाव्या कानामागे कंगवा अडखळला.

बोटभर पायरी.

मी पुन्हा कंगवा फिरवला. पुन्हा तिथेच अडखळला. हा माझा कट होता. माझ्या हातून गेलेला, माझ्या कात्रीचा, गेल्या वर्षीचा.

केस महिन्याला अर्धा इंच वाढतात. वर्षात हे केस खांद्यावर यायला हवे होते. पायरी केव्हाच खाली उतरून नाहीशी व्हायला हवी होती. कुणी मधे कापले असते तर माझी पायरी राहिली नसती.

ते केस गेल्या वर्षापासून एक केसभरही वाढलेले नव्हते.

माझा हात तसाच हवेत राहिला...

"कुणाशी बोलताय?"

दारात मेट्रन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, पुन्हा खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. कापड बसायच्या जागेवर पडलेलं. त्याची गाठ तशीच होती, सुटलेली नव्हती. एवढीशी गाठ, लहान मुलाच्या गळ्याच्या मापाची.

"भिंगरी होती," मी म्हटलं. "इथे. आत्ता."

मेट्रनने दाराची चौकट धरली. मला वाटलं ती मला वेड्यात काढेल. तिने विचारलं, "तुम्हालाही दिसली?"

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी त्या दुपारी भिंगरी उठली तेव्हा बस गेलेली होती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी झोपेनाशी झाली. दोन वाजले की फाटकाजवळच्या पायरीवर जाऊन बसायची. ओरडून झालं, समजावून झालं. उचलून आणलं तर परत पळायची. पाऊस सुरू झाला तरी बसायची. मग ताप आला, तो छातीत उतरला. चार दिवस दवाखान्यात होती.

आम्ही गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात ती गेली.

तिसऱ्या महिन्यात!

"मी त्याच दिवशी तुमच्या ताईंना फोन केला होता," मेट्रन म्हणाली. "त्या म्हणाल्या, बहिणीला मी सांगते, तुम्ही बोलू नका. परवा आलात तेव्हाही म्हणाल्या, बुधवारपर्यंत थांबा. माझं चुकलं. मी थांबायला नको होतं."

ताई अंगणात फाईल घेऊन बसमध्ये चढणाऱ्यांची नावं तपासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"पत्रं कुणाची होती?"

"अगं, आधी बसमध्ये बस. आपण घरी जाऊन..."

"पत्रं कुणाची होती, ताई?"

तिने फाईल मिटली. "पहिली दोन तिची."

"आणि बाकीची?"

"माझी."

"अक्षर तिचं होतं."

"डाव्या हाताने लिहिली."

मी हात उगारला होता. खोटं कशाला बोलू? ज्या बाईने मला भरवलं, शाळेत सोडलं, तिच्यावर मी हात उगारला. मारला नाही, एवढंच.

"चित्रंसुद्धा?"

"चित्रंसुद्धा." ती रडत होती. "तू किती वर्षांनी हसायला लागली होतीस गं. मी दर वेळी ठरवून यायचे, की आज सांगायचं. आणि तू मला पडद्याचं कापड दाखवायचीस. मग वाटलं, तू इथे येशील, दुसरी मुलं बघशील. एखादं दुसरं मूल तुझ्या ओढणीला धरेल. कागद तर झालेलेच आहेत..."

दुसरं मूल. जणू दुकानात रंग संपला म्हणून दुसरा घ्यायचा!

त्या क्षणी मला भुताची भीती अजिबात वाटत नव्हती. माझ्या सख्ख्या बहिणीने नऊ महिने डाव्या हाताने मला फसवलं होतं. मी एका मेलेल्या पोरीसाठी पडदे शिवले. रोज प्रार्थनेत तिच्यासाठी चांगली झोप मागितली. आणि ही बाई माझ्या शेजारी गुडघे टेकून "आमेन" म्हणत होती.

आणि मी? मी तरी काय केलं होतं? त्या पोरीला माझ्या तोंडाने सांगून, तिची मूठ माझ्या हाताने सोडवून...

मी वळले आणि जिना चढायला लागले.

"कुठे चाललीस? बस निघायचीय!"

"मुलांना सांगायला, की आपण चाललोय."

"अगं, नियम..." ताई माझ्या मागे धावत आली.

मी दार उघडलं. ओळीने गाद्या. बावीस मुलं, डोळे गच्च मिटलेली.

"मी चाललेय," मी म्हटलं. माझा आवाज फुटत होता. "खरंच चाललेय. आत्ता. परत येईन की नाही, मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

एकेकाने डोळे उघडले. कुणी रडलं नाही. दाराजवळच्या गादीवरची मुलगी उठून बसली. पुढचा दात पडलेली, सोमवारी मीच तिच्या कपाळावरच्या केसांची झालर कापली होती.

"आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "भिंगरी रोज सांगते. झोपू नका म्हणते. झोपलं की ही माणसं जातात."

खोलीत काहीच हलत नव्हतं. खाली बसचं इंजिन तेवढं घरघरत होतं.

आणि मग पलीकडच्या कोपऱ्यातून आवाज आला. बसलेला, लहान.

"परत कधी येणार?"

त्या कोपऱ्यात फक्त गाद्यांची चळत होती. दुसरं काही नाही. कुणी नाही.

माझ्या मागे, दारात, ताई घड्याळ बघत होती. तिने कोपऱ्याकडे ओझरतं बघितलं, एवढंच. दरवर्षी बोलते तसं गोड आवाजात बोलून गेली, "आत्ता येतो हं बाळा. तू झोप."

बावीस डोकी कोपऱ्याकडे वळली.

मग हळूहळू, सगळी एकदम, दाराकडे वळायला लागली. कुणीतरी खोलीतून चालत जात असावं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघत राहावं, तशी. इंचाइंचाने.

चट... चट... चट...

माझ्याजवळून गार काहीतरी गेलं. ताई दारातून जरा बाजूला सरकली. लहान मुलाला वाट देताना सरकतो, तशी. आपण सरकलो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. गाव मागे पडल्यावर तीच म्हणाली, "ती कोपऱ्यातली मुलगी नवीन आली का गं? गाद्यांवर बसली होती ती? मी नीट बघितलं नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले.

ताईचा चेहरा पांढरा पडला. घरी पोचेपर्यंत ती खिडकीपासून सरकत सरकत माझ्या बाजूला येत राहिली. खिडकीपाशी एक हातभर जागा मोकळी राहिली होती. मी तिथे बघितलं नाही.

शुक्रवारी मेट्रनचा फोन आला. आवाज मोकळा होता. बुधवारी तुम्ही गेल्यापासून सगळी मुलं दुपारी गाढ झोपताहेत, म्हणाली. तीनला अक्षरशः हलवून उठवावं लागतं. तुम्ही खरं सांगितलंत, त्याने फरक पडला बघा. ती फाटकाजवळची पायरीही आता नुसती पायरी वाटते. देव तुमचं भलं करो.

मला तिला विचारायचं होतं, की मग ती कुठे गेली? विचारलं नाही. फोन ठेवला.

ताई झोपत नाही. या गोष्टीला आता पाच महिने झाले. गोळ्या घेऊन झाल्या. पास्टर येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले. भावजी सांगतात, डोळा लागायला लागला की दचकून उठते. मी त्या घरी पाऊल ठेवत नाही. एकदाच फोन उचलला. ताई कुजबुजत होती. म्हणाली, "पापणी मिटली की कानाशी विचारतं गं... झोपलीस का?"

मी फोन बंद केला. दया आली नाही. यायला हवी होती, आई होऊन वाढवलं तिने मला. पण नाही आली.

नवऱ्याला मी सगळं सांगितलंय. त्याने ऐकून घेतलं आणि त्या रंगवलेल्या खोलीला कुलूप लावायचं म्हणाला. मी लावू दिलं नाही. दुपारी पार्लर बंद करून मी घरी येते. त्या खोलीत जमिनीवर आडवी होते, दार सताड उघडं ठेवते आणि डोळे मिटते. दोन ते तीन. रोज. अंगावर काटा आलेला असतो, तरी मिटते.

कुणी येत नाही. पावलं वाजत नाहीत. काही नाही.

तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर मला सांगा. तिला न्यायला मी गेले होते. घर माझं तयार होतं. आणि खोटंही तिच्याशी आधी मीच बोलले होते.

मग ती ताईकडे का गेली?